आबांचा हॉल्ट

आमच्या गावचा हॉल्ट, म्हणजे गाडीचा छोटा थांबा, बंदच व्हायचा होता. तिकिटं खपत नव्हती, म्हणून रेल्वेनं आपला माणूस काढून घेतला आणि तिकीटविक्री कमिशनवर खाजगी माणसाकडं दिली. तो माणूस म्हणजे माझे वडील, आमचे आबा. पलटणीतून पेन्शनवर आलेले. रेल्वेच्या साहेबानं बजावलं होतं, सहा महिन्यांत विक्री वाढली नाही तर इथं गाडी थांबायची नाही. गाडी नाही तर माझं मिरजेचं नर्सिंगही नाही. मला बाहेरगावी ठेवायला घरचे मुळीच तयार नव्हते.

आणि गावाला काय वाटावं? आबा म्हणजे नवा बलुतेदार! न्हाव्याला, सुताराला सुगीला धान्य घालतात, तसंच यांनाही घालायचं. "तिकीट कशाला रं? सुगीला पायलीभर जोंधळं घालतो की!" म्हणायचे आणि खुशाल डब्यात चढायचे. मला तर एकेकाला खाली ओढावंसं वाटे.

एका सकाळी माझी थोरली आत्याच तशी चढली. आबा डब्याच्या दारात आले.

"आक्का, तिकीट न्हाई तर उतर."

आत्या कडाडली, "मला उतरवतोस व्हय? आन् तुझी लेक काय लाटसाहेब हाय? आधी तिचं तिकीट बघ!"

माझ्याकडं तिकीट नव्हतं. त्या दिवशी परीक्षा होती, उशीर झाला होता आणि खिडकी घरचीच, संध्याकाळी काढू की, असं म्हणून मी चढले होते. गावाला नावं ठेवणारी मी! सगळा डबा माझ्याकडं बघत होता. आबांचा चेहरा खाडकन पडला. शिट्टी झाली. मी पिशवी उचलली.

"उतरू नगंस, पोरी! परीक्षा हाय न्हवं तुझी?" आता आत्याच घाबरली.

मी उतरले. माझ्यामागं तीही उतरली. गाडी गेली आणि मी तिथंच फलाटावर भोकाड पसरलं. आबांचा इतका राग आला होता की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढं सगळ्यांत आधी आत्या उभी. मागं कुणीतरी सुगीचं नाव काढलं, तशी ती वळून गरजली, "पोरीची परीक्षा बुडाली तरी ती उतरली. तुमी कोण लागून गेलाय? काढा तिकिटं!"

आणि लोकांनी काढली की हो! रोज काढायला लागले. सहा महिन्यांनी साहेब येऊन बघून गेला आणि हॉल्ट राहिला.

बुडालेला पेपर मी पुढच्या खेपेला दिला. त्या सकाळी रांगेत उभी राहून तिकीट घेतलं. आबांचे डोळे भरले होते. म्हणाले, "जा बाळ, गाडी थांबतीया."