कपाटात पडून राहिलेली लेबलं

छापखान्यातले दादा म्हणजे एक वल्लीच. चाळीस वर्षांत जे जे छापलं, त्याचा पहिला कागद त्यांनी फायलीला लावला आणि कोपऱ्यात तारीख घातली. बायको म्हणायची, रद्दीवाल्याकडेही एवढी रद्दी नसेल. दादा आपले ढिम्म.

त्या रद्दीला एकदा सोन्याचा भाव आला. दादांची धाकटी बहीण बुटांचं पॉलिश बनवायची. नवरा गेल्यावर त्याच डब्यांच्या जोरावर तिनं दोन मुली शिकवल्या. डबीवर नाव होतं 'झळक'. एका मोठ्या कंपनीचं पॉलिश होतं 'झळाक'. आमच्या नावाची नक्कल केलीत, नाव सोडा, म्हणून कंपनीनं दावा ठोकला. बाजारात आधी कोण आलं, एवढाच प्रश्न होता. दादांनी फायली उपसल्या आणि 'झळक'चं पहिलं लेबल शोधून काढलं. तारीख कंपनीचा माल बाजारात येण्याच्या तीन महिने आधीची! बहिणीच्या जिवात जीव आला.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं सहज विचारलं, लेबल छापल्याबरोबर माल विकायला गेला का? नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण दादांना आठवत होतं. पहिला घाणा फसला होता, पॉलिशला भेगा पडल्या होत्या.

"नाही," दादा म्हणाले. "माल पाच महिन्यांनी गेला. तोवर लेबलं माझ्याच कपाटात पडून होती."

झालं! कंपनी दोन महिने आधीची ठरली आणि नाव गेलं. आता अशा माणसाच्या पाया पडावं की त्याचं डोकं फोडावं? बहीण त्यांच्याकडे न बघताच कोर्टाच्या पायऱ्या उतरली. आठ दिवस दादांच्या घशाखाली धड घास उतरला नाही. आपण तिच्या पोटावर पाय दिला, हे त्यांना कळत होतं; पण तोच प्रश्न पुन्हा आला असता तर उत्तरही तेच आलं असतं. एवढा पीळ होता त्या हडकुळ्या माणसात.

नवव्या दिवशी बहीण छापखान्यात आली आणि तिनं कोरी डबी टेबलावर ठेवली. नाव गेलं हे सांगायला ती जुन्या सगळ्या दुकानांत फिरून आली होती. कोर्टातली हकिकत तिच्याआधीच तिथं पोचली होती.

"दादा, एकानंही माल बंद केला नाही," ती म्हणाली. "म्हणाले, ज्या घरचा भाऊ बहिणीसाठीसुद्धा खोटं बोलत नाही, त्या घरचं पॉलिश बिननावाचं दिलंत तरी चालेल."

दादांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं, नवी लेबलं किती छापायची.