चॅनल सोळावर नवऱ्याचा आवाज

धक्क्यावर सगळे त्यांना मामी म्हणत. नवऱ्याच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. बोटीवरच्या रेडिओचं लायसन्स होतं, पण तो चालवायचं सर्टिफिकेट कुणाकडेच नव्हतं. तपासणीवाल्याने तंबी दिली तेव्हा मामांनी हात झटकले. "या वयात परीक्षा? छे!"

मग मामींनीच कंबर कसली. तीन महिने भाजी चिरतानाही घोकणं चालू. आधी ऐकायचं, मग बोलायचं, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. सोळा नंबरवर फक्त हाक मारायची किंवा संकट कळवायचं. बाकी बोलणं दुसऱ्या चॅनलवर, तेही मोजकं.

आज बंदराच्या ऑफिसात सर्टिफिकेट हातात पडलं. मामी वहीत सही करतायत तोच टेबलावरचा रेडिओ खरखरला.

"आमची ही म्हणजे वाघीण आहे, वाघीण! बावन्नाव्या वर्षी परीक्षा दिली. मला तर फॉर्म बघूनच घाम फुटला!"

मामींचं पेन जागच्या जागी थांबलं. हा तर मामांचा आवाज! तोंडावर कधी 'बरं केलंस' म्हणाला नव्हता हा माणूस.

अधिकारी बाई उखडल्या. "कोण हा? सोळा नंबर अडवून बसलाय! कुणी बुडत असलं तर हाक कशी मारणार?"

"आमचेच आहेत," मामी कशाबशा म्हणाल्या. "माइकचं बटण कशाखाली तरी दाबलं गेलंय. बटण दाबलेलं असेपर्यंत आपण ओरडलो तरी त्यांना ऐकू जायचं नाही."

मामांना फोन लावला, तर तो मामींच्याच पिशवीत वाजला.

मामी धावत सुटल्या. धक्क्याला लागलेल्या प्रत्येक बोटीच्या रेडिओतून मामा बोलत होते. "एकदा तर झोपेत 'ओव्हर' म्हणाली!" खलाशी पोट धरून हसत होते. मामी लाजेने लाल झाल्या होत्या, पण पाय काही थांबले नाहीत.

धक्क्याच्या पार दक्षिण टोकाला, आपल्या बोटीवर मामा प्रवाशांना रंगात येऊन सांगत होते. मामींनी त्यांना बाजूला सारलं, लाइफ जॅकेटांच्या ढिगाखालून माइक ओढला. चॅनल मोकळा झाला.

लगेच संकटाची हाक आली, अगदी क्षीण आवाजात. "मेडे... इंजिन बंद... दोघंजण... दक्षिणेच्या खडकांकडे वाहत चाललोय..."

मामींनी श्वास रोखला. बंदराचं ऑफिस उत्तर देतं का, ते आधी ऐकायचं. काहीच नाही. पुन्हा तीच हाक, पुन्हा शांतता. आवाज ऑफिसपर्यंत पोचतच नव्हता.

त्यांनी बटण दाबलं, क्षणभर थांबल्या आणि ठणठणीत आवाजात तीनदा 'मेडे रिले', म्हणजे दुसऱ्याची हाक पुढे पोचवतेय, असं म्हणून सगळं सांगितलं: आपली बोट कोणती, संकट कुठे, माणसं किती. "ओव्हर."

"मिळालं!" अधिकारी बाईंचा आवाज आला. "तुम्हीच सगळ्यात जवळ आहात. जाल का? बाकीच्यांनी चॅनलवर गप्प राहा!"

प्रवासी पटापट धक्क्यावर उतरले. मामांनी बोट अशी पिटाळली की पाणी दोन्ही बाजूंनी उसळलं. खडक हाकेच्या अंतरावर राहिले असताना मामींनी दोर फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा त्या होडीतल्या बापलेकांनी झेलला!

परतताना मामींना हसू काही आवरत नव्हतं.

मामांनी सुकाणूवरून चोरट्या नजरेने पाहिलं. "मी बोललो ते... किती जणांनी ऐकलं?"

"सगळ्या बंदराने," मामी म्हणाल्या, आणि मागच्या होडीचा दोर तपासायला गेल्या.