खेळातला रझाकार

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही निजामाच्या राज्यातलं आमचं गाव, खजुरी, सोडलं. रझाकारांनी दारावर बंदुकीचे दस्ते आपटले, "दरवाजा खोलो" म्हणून ओरडले, आणि माझे वडील, अप्पा, कडी काढायला गेले ते गेलेच. शेजारच्या मुसलमान खालानं मायला, अण्णाला आणि मला परसातून बाहेर काढून दिलं.

हद्दीपलीकडं, सोलापूरकडच्या एका गावात, मावशीनं आम्हाला राहायला खोली दिली. हद्द म्हणजे नुसता एक ओढा, पण पलीकडं मुलूखच निराळा होता. माझा मोठा भाऊ अण्णा, त्याची शाळा उर्दूतली. इथल्या शाळेत तो पाटीवर उजवीकडून लिहायला घ्यायचा आणि वर्ग हसायचा. पोरं आम्हाला 'निजामाची पिलावळ' म्हणायची. ज्यांच्या भीतीनं गाव सोडलं, त्यांचंच नाव आमच्या गळ्यात! मला तेव्हा संताप यायचा, आजही येतो.

अण्णाला रागबिग काही नव्हता. कुणीतरी खेळायला घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. रोज तो पाराजवळ जाऊन उभा राहायचा आणि तसाच परत यायचा. भाकरी अर्धी टाकून उठायचा.

"घरात कामून बसायलास? जा की रं खेळायला," माय म्हणायची.

एका दुपारी माय ज्वारी पाखडत होती. एकाएकी दारावर दणका बसला. "दरवाजा खोलो!" तीच ओरड, तसाच लांबवलेला हेल. मायच्या हातचं सूप उलटलं. तिनं मला कणगीमागं ढकललं आणि माझ्या तोंडावर हात दाबून धरला. मला श्वास घेता येईना. मग बाहेरून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. दुसऱ्याच्या दारावर थापा कोण मारू देणार? म्हणून त्यांनी आमचंच दार धरलं होतं.

अण्णा धापा टाकत आत आला. हातात काठीची बंदूक.

"माय, मला खेळात घेतलं! त्यांच्यात रझाकार व्हायला कुणीच तयार न्हाई. अन् माझ्यासारखं वरडायला बी कुणाला येत न्हाई."

ते ओरडणं तो शाळेत शिकला नव्हता.

किती दिवसांनी त्याचा चेहरा फुलला होता. "उद्या बी जाऊ?"

माय सांडलेली ज्वारी गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "जा."

दुसऱ्या दिवशी तो खेळायला गेला, आणि मायनं आतून कडी लावून घेतली.