इडलीपात्रातले स्क्रू

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळुरात होतो, तेव्हा समोरच्या आवारातला भाडेकरू रोज संध्याकाळी एका जुन्या लाल गाडीखाली सरपटत शिरायचा. बेळगावकडचा मराठी माणूस. नाव काही मी विचारलं नाही. तो मला अक्का म्हणे, मी त्याला अण्णा. गाडी परदेशी, छोटीशी, पण एके काळी भन्नाट पळायची म्हणे. त्याने ती भंगारातून सोडवून आणली होती. आणि घरमालकांनी बजावलं होतं, आयुधपूजेला सगळ्या गाड्यांना हार घालतात, त्या दिवशी ही आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली नाही, तर परत भंगारात!

काढलेले स्क्रू तो जमिनीवर मांडायचा, ते मला बघवेना. मी माझं जुनं इडलीपात्र दिलं. मग एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं. काय तो आवाज! मालकसुद्धा टाळ्या वाजवत आले. अण्णाने मात्र इडलीपात्राकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. एका खळग्यात बारीकसा स्क्रू उरला होता.

"अहो, चालतेय ना? आता कशाला खोलताय?" मालक ओरडले.

"चालतेय सार, पण ह्याची जागा रिकामी आहे. स्वल्प थांबा," म्हणत त्याने पुन्हा सगळं उघडलं.

सकाळी गाडी चाकांखालची लिंबं चिरडत फाटकाबाहेर गेली. इडलीपात्र रिकामं होऊन परत आलं, पण पेट्रोलचा वास काही जाईना. आता त्यात इडल्या होत नाहीत. माझं शिलाई मशीन बिघडलं तर मात्र मी ते घरीच खोलते, स्क्रू त्याच खळग्यांत ठेवते, आणि एक जरी स्क्रू उरला, तरी पहिल्यापासून सुरू करते.