वहिनींचा उपडा टोप

वहिनी गेल्याचा फोन आला तो बुधवारी, दुपारी साडेबाराला. मनात पहिलं आलं ते हे, की छे, शक्य नाही... ऐन जेवणाच्या वेळी वहिनी स्टोपुढून हलल्या असं कधी झालेलंच नाही. रडू त्यानंतर आलं.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, शेजारच्या खोलीत, त्या खानावळ चालवायच्या. गाव सोडून एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांची. नवरा गिरणीत मागावर. संप सुरू झाला तसा तो गॅलरीत येऊन बसला, तो बसलाच. आणि मी? मी दादरची, दोन पदव्यांची, कामगारांत राहायचं म्हणून हौसेनं चाळीत आलेली विदुषी. माझ्या मुलीला, रेवाला, शाळेत घालणार नाही, हे मी ती पाळण्यात असतानाच जाहीर केलं होतं. मूल जगण्यातून शिकतं, काय शिकायचं ते त्याचं त्यानं ठरवावं, वगैरे. त्यावर मी लेख लिहायची, आणि लिहिताना लुडबुड नको म्हणून मुलीला वहिनींकडे धाडायची! तिथे ती तांदूळ मापायला शिकली, कल्ले उघडून बांगडा ताजा की शिळा ते सांगायला शिकली, वहिनींच्या नवऱ्यापाशी बसून पुडीच्या कागदावरची अक्षरं लावायला शिकली. श्रेय अर्थातच माझ्या लेखांना.

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असे. मोठा टोप घासूनपुसून वहिनी उंबऱ्याशी उपडा घालत आणि गॅलरीत पाय पसरून बसत. संप लांबला, जेवणारे गावी गेले, चौघेच उरले, तरी रविवारी टोप उपडाच. मी एकदा शहाणपणानं विचारलं, "वहिनी, आता बंद तरी कसली ठेवता?"

"अगो, आज बंद केला तरच उद्या उघडूक मिळता," त्या म्हणाल्या. मला काही कळलं नाही. आठ वर्षांच्या रेवाला कळलं.

एका रविवारी त्या टोपाशेजारी बसून ती म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय."

"का गं?"

"मला रविवार हवाय."

"आपल्याकडे तर रोजच रविवार!"

"रोज असला तर तो रविवार कसा? काकांचं बघ ना..." काका, म्हणजे वहिनींचा नवरा, पलीकडे खाली मान घालून बसले होते.

मी पेटले. आठ वर्षांचे लेख पाण्यात! मुलीला काही बोलता येईना, म्हणून वहिनींवर घसरले. "तुम्हीच भरवलंत हे तिच्या डोक्यात."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हयनो झालो, माझ्याच पाठी लागलेला. शाळा समोर, हात धरून नेलंय असतंय. पण म्हटलंय, आधी तुझ्या आवशीक इचार." मग हळूच हसल्या. "तूच सांगतंस मा, पोरीचा पोरीन ठरवूचा? मगे? ठरवल्यान तिना."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्याच जुन्या लेखातलं माझंच वाक्य मला तोंडघशी पाडून गेल्यावर, रेवाला घेऊन शाळेत गेले. वहिनी सोबत आल्या, पण मोठ्या बाईंच्या खोलीच्या दाराबाहेरच थांबल्या, चपला काढून. शाळेत पाऊल टाकायची त्यांची ती पहिलीच वेळ. मोठ्या बाईंनी विचारलं, "आतापर्यंत कुठे शिकली ही?" मी पदर सावरून भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात रेवानं दाराकडे बोट दाखवलं. "त्यांच्याकडे."

वहिनींनी लाजून पदर तोंडावर घेतला. मी तोंड मिटलं. आयुष्यात जेवढ्या वेळा मी ते योग्य वेळी मिटलं, त्यातली ही एक.

पुढच्या रविवारी रेवा उन्हं वर येईपर्यंत लोळली. संध्याकाळी वहिनींनी टोप तिच्या हातात दिला. "घाल उपडो. आता तुजोय रविवार."

काकांची गिरणी पुन्हा उघडली नाही. खानावळ मात्र वहिनींनी पुढे कितीतरी वर्षं चालवली. ती आवरून त्या आपल्या मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा टोप माझ्या दारात ठेवून गेल्या. माझ्या एवढ्याशा घरात एवढा टोप... पण मी दर रविवारी तो उंबऱ्याशी उपडा घालते, आणि रेवा दर रविवारी फोन करून खात्री करून घेते.

वहिनी गेल्या त्या आठवड्यातल्या रविवारीही केला. तिनं विचारलं, "घातलास?"

"घातला," मी म्हटलं. "उद्या उघडायचंय."