बेसाच्या मैदानावरची हाक

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. विश्वास नव्हताच... आजही आहे की नाही, सांगता येत नाही. पण हे घडलं, आणि माझ्या नवऱ्यासमोर घडलं.

आम्ही नागपुरात बेसाला राहतो. माझी दोन्ही फुफ्फुसं आजाराने कडक होत गेली – आता ट्रान्सप्लांटशिवाय इलाज नाही. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पायांत ताकद नसेल तर ऑपरेशन झेपणार नाही. आधी चालून दाखवा, मगच नाव वेटिंग लिस्टमध्ये." म्हणून माझी तयारी सुरू झाली. खुर्चीवरून ऊठबस, रबरी पट्टा ओढणं, उकडलेली अंडी, आणि सकाळी घरामागच्या मैदानात चालणं. पुढे मी, नाकात ऑक्सिजनची नळी. मागे सिलेंडरची ट्रॉली ओढत सुधाकर, म्हणजे आमचे हे. अर्ध्या मैदानात माझे पाय गळायचे. रोजच.

त्या दिवशीही तिथेच थांबले. "अहो, नाही होत आता..."

"राहू दे वं. उद्या पाहू."

तेवढ्यात पलीकडच्या कडुलिंबाखालून हाक आली – "बबेsss! चाल वं! थांबून काहून राहिली?"

आई! भिवापूरला मिरचीच्या खळ्यावर कामाला जायची. अख्ख्या खळ्याला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज. मी शाळेत असतानाच ती वारली. झाडाखाली कुणीच दिसत नव्हतं, पण माझे पाय निघाले. भीती? छे! शाळा सुटल्यावर तिच्याकडे धावत सुटायचे ना, तसा आनंद झाला. मी थेट झाडापर्यंत गेले, खोडाला हात लावला आणि हसतच सुटले!

वळून पाहते तर हे ट्रॉली घेऊन धावत येताहेत. "अवं, नळी! नळी निसटली नं तुही!"

नळी ट्रॉलीवर लोंबत होती. म्हणजे मी एवढं अंतर ऑक्सिजनशिवाय... यांनी माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. एरवी नळी काढून बाथरूमपर्यंत गेले तरी आकडा धाडकन खाली येतो. आज हललाच नव्हता! यांनी मशीन स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, पुन्हा माझ्या. तेच.

मग दम खात हे म्हणाले, "एक सांग. ही बबी कोण वं? कोणती बाई बोलावून राहिली होती तिले?"

सर्रकन काटा आला अंगावर. बबी म्हणजे मीच. एकटी आईच तसं म्हणायची. तिला यांनी कधी पाहिलंही नाही, आणि ते नाव मी यांना कधी सांगितलंच नव्हतं...

डॉक्टर आधी रागावले – नळीशिवाय पुन्हा पाऊल टाकायचं नाही! मग म्हणाले, मशीन चुकलं असेल. असेल. त्यानंतर मी रोज झाडापर्यंत जाऊ लागले, नळी लावूनच; हाक मात्र पुन्हा आली नाही. पुढे चालण्याची टेस्ट झाली, आणि माझं नाव लिस्टमध्ये लागलं! फुफ्फुसं मिळाली की हॉस्पिटलचा फोन येणार, म्हणून बॅग भरून ठेवली आहे. फोन वाजला की आम्ही दोघंही ताडकन उठतो.

मशीन चुकलं असेल हो... पण यांचे कान? यांनी ऐकलेलं ते नाव?