फिकी पडणारी पट्टी

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटर सेंटर चालवणाऱ्या ताईंचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे. परवा ऑफिसात एका प्रोग्रॅममध्ये टाइप केलेलं उमटेना, आणि बारावीनंतरची ती दुपार आठवली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशअर्जाची मुदत पाचला संपत होती, साडेचार झाले होते, आणि माझ्या नावाचं एक अक्षर उमटलं की पुढचं गायब होत होतं. डिंगोऱ्याहून सोबत आलेले वडील म्हणाले, “ताई, कीबोर्ड मेलाय, दुसरा लावा.” दुसरा लावला, तरी तेच. मागे थांबलेला एकजण हसला, “राव, शेतीच कर, तिथं टाइप करावं लागत न्हाई.” ताई वाकून बघत म्हणाल्या, “कीबोर्ड चांगला हाय. अक्षरं दुसरीकडं चाललीत. अर्जाच्या खिडकीची वरची पट्टी बघ, सारखी फिकी पडतीय. जिची पट्टी निळी, तीच खिडकी तुझं ऐकती.” त्यांनी स्क्रीनवरची एकेक खिडकी बाजूला केली. सगळ्यांच्या मागे प्रिंटरची ‘कागद संपला’ ही चौकट दडली होती. दर काही सेकंदांनी उठून ती माझी अक्षरं गिळत होती. वडिलांनीच “असू द्या जवळ” म्हणून सातबाऱ्याची जादा प्रत काढायला सांगितली होती, आणि त्यातच कागद संपला होता! ताईंनी चौकट बंद केली, पट्टी निळी राहिली, आणि पाचला चार मिनिटं बाकी असताना अर्ज गेला. आज तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असलेच दोष शोधणं हे माझं काम आहे. परवाचा दोष सापडल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं: “ताई, ऑफिसातले साहेब कीबोर्ड बदलायला निघाले होते. मी म्हणालो, थांबा, अक्षरं दुसरीकडं चाललीत.”